नाव एक, कुळं पाच

काविळीचे विषाणू पाच: हिपॅटायटिस ए, बी, सी, डी आणि ई. नावांवरून ही सख्खी भावंडं वाटतात. प्रत्यक्षात त्यांचं आपसात जवळचं नातं नाही. ‘ए’ पोलिओच्या कुळातला. ‘बी’ डीएनए बाळगतो, पण त्याची प्रत काढताना मधे आरएनएची पायरी घेतो. ‘सी’ला डेंग्यूच्या कुळात बसवलं गेलं. ‘डी’ला स्वतःचं आवरण नाही, ‘बी’चं उसनं घेतल्याशिवाय तो एका पेशीतून दुसरीत पोहोचू शकत नाही. ‘ई’चं कूळ आणखी वेगळं. पाचही यकृतावर हल्ला करतात, एवढंच त्यांच्यातलं साम्य.

‘ए’ आणि ‘बी’ ही अक्षरं १९४७ साली मॅक्कॅलम या ब्रिटिश संशोधकाने सुचवली, तेव्हा यांतला एकही विषाणू कोणी पाहिलेला नव्हता. आजार अन्नपाण्यातून आला की रक्तातून, एवढ्यावरच फरक करायचा होता. त्यात त्यांची चूक नव्हती. हाताशी दुसरा पुरावाच नव्हता. विषाणूंचं नाव आपण त्यांना पहिल्यांदा भेटतो तेव्हा ठेवतो आणि त्यांची नाती फार उशिरा कळतात. सव्वाशे वर्षांचा विषाणू-वर्गीकरणाचा इतिहास मला या एका अडचणीशी चाललेला झगडा वाटतो.

‘ई’चीच कथा घ्या. १९५५च्या अखेरीस दिल्लीत यमुनेच्या पुरानंतर सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. पाण्यातून आलेली, म्हणून ती ‘ए’ची असंच धरलं गेलं. जपून ठेवलेले रक्तनमुने १९८०मध्ये तपासले, तेव्हा ती ‘ए’ नव्हती हे उघड झालं. मग १९८३ साली मिखाईल बालायान या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी अफगाणिस्तानातल्या आजारी सैनिकांच्या विष्ठेपासून तयार केलेला अर्क स्वतः प्यायला, स्वतःला कावीळ करून घेतली आणि आपल्याच विष्ठेत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली विषाणूचे कण शोधून काढले. कणांचा आकार पाहून त्याला आधी उलट्या-जुलाबाच्या नोरोव्हायरसच्या कुळात टाकलं होतं. जनुकं वाचल्यावर तिथून काढून त्याच्यासाठी वेगळं कूळ करावं लागलं. आज त्या जातीचं अधिकृत नाव आहे पास्लाहेपेव्हायरस बालायानी. हा सन्मान मला फार योग्य वाटतो.

आकारावर भिस्त ठेवण्याचा काळ बराच लांबला. त्याआधी, १९४८च्या सुमारास, फ्रान्सिस होम्स यांनी विषाणूंना वनस्पतींसारखी लॅटिन जोडनावं देऊन पाहिली होती. त्यांची विभागणी मात्र विषाणू कोणाला ग्रासतो यावर उभी होती: जिवाणूंना, वनस्पतींना की प्राण्यांना. ती टिकली नाही. १९६२मध्ये आंद्रे ल्वॉफ, रॉबर्ट हॉर्न आणि पॉल टूर्निए यांनी यजमान आणि रोग दोन्ही बाजूला ठेवून खुद्द विषाणूची घडण पाहायला सांगितलं: आत डीएनए की आरएनए, कवचाची रचना कशी, बाहेर आवरण आहे की नाही. १९६६ साली मॉस्कोत नामकरणाची आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली. आजही विषाणूंच्या कुळांवर आणि जातींवर शिक्का मारण्याचा अधिकार तिच्याच वारस समितीकडे आहे. १९७१मध्ये डेव्हिड बाल्टिमोर यांनी त्याहून साधा प्रश्न विचारला: हा विषाणू संदेशवाहक आरएनए कसा बनवतो? त्या उत्तरावरून पाडलेले वर्ग आजही विद्यार्थी पाठ करतात. पण ते कामाच्या पद्धतीचे वर्ग आहेत, वंशावळ नव्हे.

नावातच नात्याचा दावा घुसला की काय होतं, ते एचआयव्हीच्या वेळी दिसलं. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटने १९८३मध्ये सापडलेल्या विषाणूला एलएव्ही म्हटलं. अमेरिकेत रॉबर्ट गॅलो यांनी त्यालाच एचटीएलव्ही-३ नाव दिलं. म्हणजे आपण आधी शोधलेल्या रक्तकर्काच्या विषाणूंचा तो तिसरा भाऊ, असं त्यांचं म्हणणं. सॅन फ्रान्सिस्कोत तिसरंच नाव चालू होतं. शोधाच्या श्रेयाचा वाद त्यात मिसळला. अखेर १९८६ साली हॅरॉल्ड वार्मस यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने एचआयव्ही हे नवं नाव सुचवलं. गॅलोंनी त्यावर सही केली नाही. जनुकांनी मात्र निकाल दिला होता: हा विषाणू त्या दोघांचा भाऊ नव्हता, लेंटिव्हायरस या वेगळ्या प्रजातीतला होता.

गावांच्या नावांचा प्रश्न निराळा, आणि त्यात आपलंही एक गाव आहे. १९६५ साली नागपूर परिसरातल्या तापाच्या साथीत रुग्णांच्या रक्तातून एक नवा विषाणू मिळाला. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमधल्या, म्हणजे आजच्या एनआयव्हीतल्या, भट आणि रॉड्रिग्ज यांनी १९६७मध्ये तो जगापुढे मांडला. नाव पडलं चांदीपुरा. तो रेबीजच्या कुळातला, वाळूमाशीमार्फत पसरणारा. २००३मध्ये आंध्रात आणि २०२४मध्ये गुजरातेत लहान मुलांच्या मेंदूज्वराशी त्याचं नाव जोडलं गेलं आणि दर वेळी बातम्यांमधून त्या गावाचं नाव फिरलं. गावाचा अपराध कोणता? १९७६मध्ये झाईरमधल्या यांबुकू गावावर असा डाग नको, म्हणून शास्त्रज्ञांनी नकाशावरच्या एबोला नदीचं नाव घेतलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५मध्ये नव्या रोगांना जागेचं, माणसाचं वा प्राण्याचं नाव देऊ नये असं सांगितलं. हे मार्गदर्शन बरंच उशिरा आलं, असं मला वाटतं.

११ फेब्रुवारी २०२० रोजी दोन संस्थांनी दोन नावं जाहीर केली. आरोग्य संघटनेने रोगाला कोव्हिड-१९ म्हटलं. वर्गीकरण समितीच्या अभ्यासगटाने विषाणूला सार्स-कोव्ह-२. लोक गोंधळले, पण ही फारकत आवश्यक होती. रोगाचं नाव माणसांसाठी असतं, त्यात भीती आणि गैरसमज टाळायचे असतात. विषाणूच्या नावाने २००३च्या सार्सशी असलेलं जनुकीय नातं सांगायचं होतं.

२०२१पासून समितीने प्रत्येक जातीला प्रजाती आणि जाती असं जोडनाव सक्तीचं केलं. चांदीपुराची जात आता व्हेसिक्युलोव्हायरस चांदीपुरा. तंबाखूच्या पानांवर नक्षी उमटवणाऱ्या विषाणूला होम्स यांनी मार्मोर टाबासी म्हटलं होतं. आज त्याची जात टोबामोव्हायरस टाबासी आहे. डॉक्टरांनी मात्र चांदीपुरा, डेंग्यू, एचआयव्ही असंच म्हणायचं; रोजच्या नावांना कोणी हात लावलेला नाही. त्यामुळे वर्गीकरणाला हवं तितकं बदलायची मोकळीक मिळते. जिवाणूंना खाणाऱ्या शेपटीवाल्या विषाणूंची तीन जुनी कुळं शेपटीच्या रूपावर बेतली होती. जनुकं जुळेनात, म्हणून २०२२मध्ये तिन्ही रद्द झाली.

आता तर विषाणू पाहावाही लागत नाही. समुद्राच्या पाण्यातून, मातीतून, सांडपाण्यातून मिळालेली नुसती जनुकीय अक्षरमालाही २०१७पासून नव्या जातीचा आधार मानली जाते. मान्य जातींची संख्या १४ हजारांवर गेली आहे. वर्गीकरणाच्या सर्वांत वरच्या पायरीला रेल्म म्हणतात. २०२१पर्यंत असे सहा मान्य झाले होते. काविळीच्या ‘ए’, ‘बी’, ‘सी’ आणि ‘ई’ची जागा त्यांतल्या रायबोव्हिरिया या रेल्ममध्ये आहे, उसन्या आवरणाच्या ‘डी’ची रायबोझायव्हिरियामध्ये. या सहांना जोडणारा एकच पूर्वज मानला जात नाही. विषाणू एकदाच जन्मले नाहीत, अनेकदा आणि वेगवेगळ्या वाटांनी जन्मले, या मताला त्यामुळे बळ मिळालं आहे.