पांढरी भरा, पण कोरडी भरा

लोणावळ्याची चिक्की दातांना दोन्हीकडून छळते. गुळाचा पाक दाढेच्या खाचांत चिकटून बसतो, तोंडातले जिवाणू त्याचं आम्ल करतात आणि सामू साधारण ५.५ च्या खाली घसरला की दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, विरघळू लागतं. त्यात चिक्की कडक. आतून पोखरलेली दाढ एखाद्या शेंगदाण्यावर कडकन तुटते, आणि मग दवाखान्यात प्रश्न येतो : चांदी भरायची की दाताच्या रंगाचं?

मावळातल्या साठीपुढच्या लोकांच्या दाढांत अजून चांदी चमकते. ही ‘चांदी’ म्हणजे धातूंचं मिश्रण : त्यात चांदी, कथील, तांबं असतं आणि वजनाने जवळपास निम्मा पारा. मजबूत, स्वस्त, थोडी ओल सहन करणारी. पण ती दाताला चिकटत नाही. खाचेत अडकून राहावी म्हणून चांगला दातही कोरावा लागतो.

चिकटवण्याची वाट अमेरिकेत मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ साली दाखवली. फॉस्फोरिक आम्ल काही सेकंद लावलं की इनॅमलवर डोळ्यांना न दिसणारे खळगे पडतात आणि द्रवरूप राळ त्यांत शिरून घट्ट बसते. मग राफेल बोवेन यांनी काचेची बारीक पूड मिसळलेली टिकाऊ राळ तयार केली. तिचं पेटंट १९६२ चं. आजचं दाताच्या रंगाचं कंपोझिट याच घराण्यातलं.

खरी परीक्षा भरण्यात आहे. आम्ल लावून, धुऊन, वाळवलेल्या दाढेला लाळेचा किंवा हिरडीतल्या रक्ताचा थेंब लागला, की चिकटण्यात खोट आली. म्हणून कापसाचे बोळे, थुंकी ओढणारी नळी, जमल्यास रबराचा पडदा. त्यानंतर साधारण दोन-दोन मिलिमीटरचे थर, आणि प्रत्येक थरावर सुमारे वीस सेकंद निळा प्रकाश. कडक होताना हा माल दोन-तीन टक्के आकसतो. एकदमच सगळा खड्डा बुजवला तर कडेला फट राहते. गार पाण्याने ठणका लागतो, पुढे त्याच फटीत पुन्हा कीड. घाईगर्दीच्या दवाखान्यात फसतं ते इथेच, आणि बिचारं मटेरियल शिव्या खातं. कीड हिरडीखाली गेली असेल, रक्त थांबत नसेल, तर पांढऱ्याचा हट्ट मला शहाणपणाचा वाटत नाही.

तरी पाऱ्याचे दिवस भरत आले आहेत. पाऱ्याच्या वापराला आळा घालणारा मिनामाता करार भारताने २०१८ साली मान्य केला. युरोपीय संघाने २०२५ पासून चांदी भरणं जवळपास बंद केलं, आणि करारातल्या देशांनी २०३४ ही शेवटची मुदत ठरवली आहे. तेव्हा पांढरं भरण्याचं कसब तालुक्याच्या ठिकाणीही लागणारच.

कंपोझिट प्रकाशाने तिथल्या तिथे कडक होतं. बधिरपणा उतरला की जेवायला हरकत नाही. मात्र चहा, तंबाखू आणि गावाकडची मिश्री त्याच्या कडा काळवंडून टाकतात. मिश्री सुटत नसेल तर पांढऱ्या रंगाचे जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

डॉक्टरांनी कापूस पुन्हा पुन्हा बदलला, थरामागून थर दिला, तर वैतागू नका. तो वेळ तुमच्याच दाढेसाठी आहे. आणि जुनी चांदी शाबूत असेल तर केवळ दिसण्यापायी ती उकरून काढू नका.