बैठकीवरून सात मीटर: भाग्यश्री जाधव

नांदेड जिल्ह्याच्या भाग्यश्री जाधव एफ-३४ गटात गोळाफेक करतात. हालचालींवरचा ताबा मर्यादित असलेल्या खेळाडूंचा हा गट. गोळा ३ किलोचा. खेळाडू जमिनीला पट्ट्यांनी घट्ट आवळलेल्या बैठकीवर बसून फेकते. गोळा सुटायच्या आत बैठकीवरून अंग उचललं, की फेक बाद. पायांची धाव नाही, गिरकी नाही; सगळा जोर खांदा, पाठ आणि मनगट यांतूनच काढायचा. आपल्या सगळ्या फेकी खेळाडू लागोपाठ टाकते, त्यामुळे चुकीवर विचार करायला उसंत फार थोडी.

 

भाग्यश्रींची चढण आकड्यांतून नीट दिसते. टोकियो पॅरालिम्पिकमध्ये (२०२१) ७.०० मीटर आणि सातवा क्रमांक. हांगझोच्या आशियाई पॅरा स्पर्धेत (२०२३) ७.५४ मीटरसह रौप्य. कोबेच्या जागतिक स्पर्धेत (२०२४) ७.५६ मीटरसह पुन्हा रौप्य. तीन वर्षांत ५६ सेंटिमीटर! बसून फेकणाऱ्याला एकेक सेंटिमीटर किती महाग पडतो हे पाहिलं, तर ही झेप खरोखर मोठी आहे.

२८ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस पॅरालिम्पिकच्या उद्घाटनात भालाफेकपटू सुमित अंतिलसोबत भारताचा तिरंगा त्यांच्या हाती होता. स्पर्धेत ७.२८ मीटरवर त्या पाचव्या आल्या. सुवर्ण टोकियोप्रमाणेच चीनच्या झोउ लीज्वानला, नऊ मीटरपलीकडच्या फेकीवर.