शिकारीचं वन-डे पॅकेज? एक मिनिट, बॉस!

ट्रेकिंग झालं, रॅपलिंग झालं, रिव्हर राफ्टिंगचे फोटोही टाकून झाले. आता पुढे काय? 'एक दिवस शेत भाड्याने घ्या आणि बार टाका' ही अमेरिकन आयडिया आपल्या खान्देशात चालेल का, हे शोधायला थेट सोनगीरपर्यंत मारलेली एक चक्कर...

'या वीकेंडला काय?' हा प्रश्न हल्ली सोमवारच्या पहिल्या चहालाच सुरू होतो. लोणावळा म्हणजे ट्रॅफिक जॅम, अलिबाग म्हणजे आख्खं ऑफिसच तिथे भेटणार. त्यामुळे काहीतरी 'हटके' हवं असतं. मागच्या महिन्यात आमच्या ग्रुपला हे हटके थेट अमेरिकेतून मिळालं. टेक्सासमधल्या एका मित्राने फोटो पाठवला. डोक्यावर हिरवी-तपकिरी टोपी, खांद्यावर शॉटगन, पायाशी आइसबॉक्स आणि मागे सूर्यफुलाचं शेत. खाली लिहिलं होतं, 'डे लीज, डव्ह सीझन!'

झालं! अर्ध्या तासात आमच्यातल्या एकाने प्लॅनही करून टाकला. "तुझ्या मामांचं सोनगीरला शेत आहे ना? डुकरांनी हैराण केलंय म्हणतेस. आम्ही सहा जण येतो, एका दिवसाचं शेताचं भाडं देतो. मामा खूश, आम्ही खूश!"

ऐकायला सॉलिड वाटतं. तुमच्याही ग्रुपमध्ये कुणाला तरी ही आयडिया सुचली असेल किंवा उद्या सुचेल. म्हणूनच आधी जरा माहिती काढायची ठरवली.

हे 'डे लीज' म्हणजे नक्की काय?

टेक्सासमधली नव्वद टक्क्यांहून जास्त जमीन खासगी मालकीची आहे. त्यामुळे शिकार करायची तर कुणाच्या तरी शेतातच जावं लागतं. शेतमालक एका दिवसापुरती आत येण्याची परवानगी विकतो, तेच डे लीज. पण गंमत पुढेच आहे. तो फक्त आत येण्याची परवानगी विकतो, पक्षी विकत नाही! तिथे वन्यजीव सगळ्या जनतेचे मानले जातात आणि त्यांचा सांभाळ सरकारकडे असतो. म्हणून शेतमालकाला पैसे दिले तरी सरकारी लायसन्स वेगळं काढावं लागतं. २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारीच्या प्रशिक्षणाचा कोर्सही करावा लागतो. डव्ह म्हणजे आपला होला. त्याचा सीझन सप्टेंबरमध्ये सुरू होतो आणि एका माणसाला दिवसाला १५ पक्ष्यांची मर्यादा असते. बंदुका आणि काडतुसांवरचा कर १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने वन्यजीवांच्या कामासाठी राखून ठेवलेला आहे.

आणि त्या दिवसात हाती काय लागतं? मित्राला फोनवर विचारलं तर म्हणाला, "उन्हात खुर्ची टाकून बसायचं, घाम पुसायचा, आणि मध्येच काहीतरी भुर्रकन उडून जातं!" थोडक्यात काय, फोटोत दिसतं ते पाच मिनिटांचं आणि बाकीचा दिवस वाट बघण्याचा.

साहेबांच्या काळातला खान्देश

आता तुम्ही म्हणाल, शिकार काय अमेरिकेनेच शोधली? अजिबात नाही. एकेकाळी शिकारीसाठी खान्देशाचं नाव पार लांबवर होतं. १८१८ नंतर इथे कंपनी सरकार आलं. १८२५ मध्ये जेम्स आउटरम नावाच्या तरुण लष्करी अधिकाऱ्याने भिल्लांची पलटण उभी केली, तिचं ठाणं धरणगावला. हा साहेब वाघाच्या शिकारीसाठी प्रसिद्ध होता आणि भिल्ल जवानांवर त्याची छाप पडली त्यातही या शिकारीचा मोठा वाटा होता. पण रान कुणाला माहीत होतं? माग काढणारे, हाका घालणारे, जखमी वाघासमोर सगळ्यात आधी उभे राहणारे इथलेच आदिवासी. फोटो आणि कातडं मात्र साहेबाच्या दिवाणखान्यात.

स्वातंत्र्यानंतर साहेब गेले, शौक राहिला. जंगलाचे 'शूटिंग ब्लॉक' पाडलेले असत आणि वनखातं ते ठरावीक दिवसांसाठी परमिटवर देत असे. परदेशी पाहुण्यांसाठी शिकारीच्या कंपन्याही होत्या. नागपूरची ऑल्विन कूपर त्यातलीच एक. म्हणजे पैसे भरून शिकारीचं पॅकेज आपल्याकडेही मिळत होतं की राव!

मग ब्रेक लागला. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यातही सुरुवातीला 'स्पेशल गेम', 'बिग गेम', 'स्मॉल गेम' अशी लायसन्सं होती. १९९१ च्या दुरुस्तीने तीही बंद झाली. तेव्हापासून हौस म्हणून शिकार करण्याचा कायदेशीर रस्ता या देशात उरलेला नाही. एका दिवसाचा नाही आणि एका तासाचाही नाही.

किल्ल्यावरून दिसतं ते

तरीही म्हटलं, प्रत्यक्ष जाऊन बघू. धुळ्याहून उत्तरेला मुंबई-आग्रा महामार्गाने निघालं की वीसेक किलोमीटरवर सोनगीर. हे गाव तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखलं जातं. तांबटांच्या हातोडीची ठकठक ऐकत गल्लीतून वर चढलं की लहानसा किल्ला लागतो. पडका दरवाजा, थोडी तटबंदी आणि वर एक खोल विहीर. चढायला फार वेळ लागत नाही, पण वरून दिसतं ते बघायला थांबा.

एका बाजूला ट्रकांची न संपणारी रांग. दुसऱ्या बाजूला कपाशी, मका, कांदा. टेकड्या उघड्याबोडक्या. गुरं घेऊन आलेल्या एका आजोबांना मी विचारलं, "बाबा, इकडे वाघ होते का हो?" ते हसले. "आते आठे वाघ नही बाई, वाघना फोटो बी नही."

आउटरमच्या खान्देशातले वाघ आज बघायचे तर पार जळगाव जिल्ह्याच्या टोकाला, मुक्ताईनगरकडे जावं लागतं. तिथे केळीच्या बागांमध्ये ते वावरल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. सोनगीरच्या आसपास शिल्लक आहेत ते ससे, तितर, मोर, घोरपडी आणि रात्री शेतात घुसणारी रानडुकरं.

मामांचं गणित

डुकरांचा त्रास मात्र शंभर टक्के खरा. मामांच्या शेतात एका रात्रीत भुईमुगाच्या चार सऱ्या उकरलेल्या मी स्वतः पाहिल्या. मका उभा असतो तेव्हा मामा आणि त्यांचा मुलगा आळीपाळीने मचाणावर झोपतात. झोपतात कसले, डबा वाजवत बसतात. आपण नाइट शिफ्टच्या अलाउन्सवरून एचआरशी भांडतो. यांच्या नाइट शिफ्टला अलाउन्सच नाही!

मी मित्रांची ऑफर मामांना सांगितली. सहा जण, एक दिवस आणि आकडाही सांगितला. मामी क्षणभर थांबल्या, कारण तो आकडा छोटा नव्हता. मामांनी मात्र एका वाक्यात निकाल लावला. "तुम्ही जाशात पुनाले, पंचनामा मना वावरमा व्हई." तुम्ही पुण्याला निघून जाल, पंचनामा माझ्या शेतात होईल!

मामांनी कायदा वाचलेला नाही, पण बरोबर पकडलाय. कायद्यात 'शिकार' म्हणजे फक्त गोळी घालणं नव्हे. सापळा लावणं, विष घालणं, हाका घालणं, आमिष ठेवणं, इतकंच काय, यातल्या कशाचाही प्रयत्न करणं ही शिकारच. ५२ व्या कलमाप्रमाणे मदत करणाराही तितकाच दोषी. म्हणजे 'मी तर फक्त गाडी चालवत होतो' किंवा 'मी फक्त शेत दिलं' हे डायलॉग कोर्टात चालत नाहीत. मोर, काळवीट, चिंकारा, घोरपड, बिबट्या हे पहिल्या अनुसूचीतले प्राणी. त्यांची शिकार केली किंवा अभयारण्यात कुठलीही शिकार केली, तर किमान ३ आणि कमाल ७ वर्षं कैद आणि कमीत कमी २५ हजार दंड. बाकीच्या गुन्ह्यांना ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ही वाढलेली दंडाची रक्कम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. शिवाय गाडी आणि हत्यार जप्त.

आणि हो, 'एअरगन चालते' ही अफवा आहे. छऱ्याच्या साध्या बंदुकीला लायसन्स लागत नसेलही, पण तिने तितर पाडला की गुन्हा तोच.

मग डुकरांचं काय करायचं? कायद्याच्या ११ व्या कलमात सोय आहे. उभ्या पिकाला धोका असेल तर वनखात्याचा अधिकार असलेला अधिकारी कारणं नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो. पण ती पीक वाचवण्यासाठी असते, आपल्या वीकेंडसाठी नव्हे. अशा परवानगीने मारलेलं जनावरही सरकारजमा होतं, म्हणजे रात्रीच्या मटणाचा बेतसुद्धा कॅन्सल! नुकसान झालं तर वनखात्याकडे तक्रार, मग पंचनामा आणि भरपाई असा रस्ता आहे. मामा या रस्त्याने दोनदा गेलेत. चकरा पडतात, पैसे उशिरा येतात, पण त्यात जेल नाही.

सेलिब्रिटीही सुटत नाहीत

'कोण बघतंय?' असं वाटत असेल तर दोन नावं आठवा. 'हम साथ साथ हैं'च्या शूटिंगच्या वेळी १९९८ मध्ये जोधपूरजवळ झालेल्या काळवीट शिकारीसाठी सलमान खानला २०१८ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली. जामीन मिळेपर्यंत दोन रात्री तुरुंगात गेल्या. म्हणजे वीस वर्षं तारखाच तारखा. क्रिकेटचे नवाब मन्सूर अली खान पतौडी यांच्यावर २००५ मध्ये हरियाणात काळवीट शिकारीचा गुन्हा दाखल झाला. २०११ मध्ये त्यांचं निधन झालं तोपर्यंत ते प्रकरण त्यांच्यामागे होतंच.

त्यांच्याकडे वकिलांची फौज होती. तुमच्याकडे होम लोन आहे! फौजदारी खटला चालू असेल तर पासपोर्ट अडकू शकतो, म्हणजे ऑनसाइटचं स्वप्न तिथेच. आणि तुमच्याआधी पकडला जाईल तो गावातला पोरगा, पाचशे रुपयांसाठी टॉर्च धरणारा. त्याला जामीन द्यायला कोण येणार? पारधी समाजाचं पिढ्यान्‌पिढ्यांचं पोट शिकारीवर होतं. त्यांनाही कायद्यापुढे ते सोडावं लागलं. मग पोट भरलेल्या आपण शौकासाठी सवलत मागायची, हे मला तरी पटलं नाही.

मग एका दिवसात करायचं काय?

भरपूर! नेम धरण्याचीच खाज असेल तर रायफल रेंजवर जा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ आणलं. एक तास रायफल स्थिर धरून बघा, मग कळतं ते काय काम आहे.

माग काढण्याची मजा हवी असेल तर कॅमेरा घ्या. हिवाळ्यात धुळ्याजवळच्या नकाणे तलावावर पहाटे जा, पाहुणी बदकं बघा. शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी ८२.९४ चौरस किलोमीटरचं अनेर धरण अभयारण्य आहे. आत जायला वनखात्याची परवानगी काढा आणि स्थानिक वाटाड्या घ्या. पैसे त्याच्या हातात पडू देत.

आणि शेतालाच भाडं द्यायचं असेल तर ते तर सगळ्यात सोपं. राज्य सरकारचं कृषी पर्यटनाचं धोरण २०२० पासून आहे. मामांना मी हेच सुचवलं. हिवाळ्यात सहा जण, दुपारी वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी, संध्याकाळी किल्ला आणि रात्री मचाणावर मामांसोबत राखण. डबा वाजवायचा, टॉर्च मारायचा, डुकरं पळवायची! मामा म्हणाले, "हे चालेल. पण झोपायचं नाही."

ग्रुपमध्ये सांगितलं, तर सहापैकी चार जण लगेच तयार झाले. डिसेंबरमधला दुसरा शनिवार ठरलाय. स्वेटर घ्यावा लागणार, रात्री वावरात जाम थंडी असते.

चौकट : कुणी 'शिकार पॅकेज' देऊ केलं तर

• 'आमच्याकडे परमिट आहे' म्हटलं तर लेखी परवानगी बघा. कोणता प्राणी, कोणतं शेत, कोणाची सही? हौशी पाहुण्यांसाठी असं परमिट निघतच नाही.
• 'फक्त बघायला या' म्हटलं तरी हातात टॉर्च घेऊन गाडीत बसू नका.
• 'रानातलं मटण' ताटात वाढलं तर उठा. ते जवळ सापडलं तर निर्दोष असल्याचं तुम्हालाच सिद्ध करावं लागतं.
• रात्री अनोळखी शेतात शिरू नका. डुकरांसाठी लावलेली विजेची तार आणि गावठी बॉम्ब माणूस ओळखत नाहीत.
• शिकार होताना दिसली तर वनखात्याची हेल्पलाइन १९२६ फिरवा.