पाऊस वाहून जातो, बोअर खोल जाते

२०२५च्या सप्टेंबरात सिंदफणा, बिंदुसरा आणि मांजरा या नद्या पात्र सोडून बीड जिल्ह्यातल्या शेतांत शिरल्या. हातातोंडाशी आलेले सोयाबीन पाण्यात गेले. याच मांजरेवरचे धरण आटले म्हणून २०१६च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. एवढा पाऊस झाला, आता काही वर्षांची चिंता मिटली, असे वाटणे साहजिक आहे. जमिनीखाली मात्र हिशेब वेगळा असतो.

बीडच्या पोटात बेसॉल्ट आहे. वर काळी माती, मग मुरूम, भेगाळ मांजऱ्या खडक आणि त्याखाली घट्ट काळा पाषाण. पाणी धरतात ते मुख्यतः मुरूम आणि मांजऱ्या, तेही आपल्या आकारमानाच्या जेमतेम एक ते तीन टक्के. भांडे लहान आणि त्याचे तोंड त्याहून अरुंद! चार दिवस झिमझिम लागली तर पाणी मुरते. तेवढेच चार तासांत कोसळले तर माती घेऊन नदीला मिळते. तापमान एका अंशाने वाढले की हवा सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. म्हणून कोसळणे वाढते आहे, दोन पावसांमधली उघडीपही लांबते आहे. आणि उघडीप पडली की मोटारी चालू होतात.

उपशाला एकेकाळी लगाम होता. बीडजवळची खजाना विहीर निजामशाहीत, सोळाव्या शतकात सलाबतखानाने बांधली. विहीर उथळ, पाणी भुयारी मार्गाने, केवळ उताराच्या बळावर शेतांना जाई. पातळी उतरली की उपसा आपोआप थांबे. सबमर्सिबल पंपाने हा लगामच काढून घेतला. पाषाणातल्या फटीत लागणारे पाणीही बहुधा वरूनच झिरपलेले, त्यामुळे एकाची बोअर लागते तेव्हा शेजारची विहीर आटू शकते. ज्याच्याकडे पैसा, तो आणखी खोल जातो.

राज्याच्या २००९च्या भूजल कायद्यात साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधने आहेत. पण रात्रीत येऊन जाणाऱ्या बोअरच्या गाडीला अडवणार कोण? शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर बंद केल्या. तिथे पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि रब्बीची पिके त्यावरून ठरतात. बीडमध्ये असा ताळेबंद मांडला तर ऊस त्यात बसत नाही: सरासरी पाऊस सातशे मिलिमीटरच्या आतबाहेर, उसाला लागते दोन हजारांच्या आसपास. आणि आडसाली ऊस तर जुलै-ऑगस्टमध्येच लावून होतो, पाऊस किती झाला हे कळण्याच्या आधी.