जलपर्णी काढली म्हणजे गेली?

हिवाळा सरत आला की बदलापूरपासून खाली मोहन्याच्या बंधाऱ्यापर्यंत उल्हास नदीवर जागोजागी हिरवा थर चढतो. पुलावरून पाहावं तर क्रिकेटचं मैदानच! मग यंत्रं येतात, काठावर ढीग लागतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

‘पावसाळ्यात सगळं वाहून जाईल’ ही समजूत अर्धी खरी आहे. पुरासोबत जलपर्णी खाडीकडे जाते, तिथलं खारं पाणी तिला मारतं. पण काठच्या डबक्यांत चार रोपं अडकून राहतात, आणि गाळातलं बी पंधरा-वीस वर्षांनीही रुजतं. हवा-पाणी मानवलं की दोनेक आठवड्यांत रोपं दुप्पट.

मग काढून टाकली की संपली? एक रोप उचलून पाहावं. स्पंजासारखा फुगीर देठ, खाली काळपट, पिसांसारखी मुळं आणि आडव्या धुमाऱ्याला जोडलेलं पिल्लू. धुमारा तुटला तरी दोन्ही रोपं आपापली वाढतात. म्हणजे यंत्रानं विस्कटून मागे सोडलेली जलपर्णी खालच्या गावाला आयतं बियाणं पुरवते. काम वरून खाली, तरंगते अडसर लावून आणि फुलं येण्याआधी झालं तरच खर्च सत्कारणी लागतो.

‘राहू द्या, ती पाणी शुद्ध करते’ असंही ऐकू येतं. ती नायट्रोजन, फॉस्फरस, जड धातू शोषते, हे खरंच. पण जागेवर कुजली तर ते सारं पाण्यात परततं, वर माशांचा प्राणवायूही संपतो. काठावरच्या ढिगांचंही तेच. पहिल्या पावसात त्यांचा रस नदीत. तिच्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असल्यानं ट्रकभर जलपर्णीतून खत निघतं जेमतेम. आणि ती वालधुनीसारख्या रसायनं पचवलेल्या नदीतली असेल, तर धातूंची तपासणी केल्याशिवाय भाजीच्या वाफ्यात घालू नये.

तणनाशकाची फवारणी सोपी वाटते, पण याच नदीचं पाणी लाखो घरांत प्यायलं जातं. शिवाय मेलेला थर तळाशी कुजतो तो वेगळाच. मूळचे दक्षिण अमेरिकेतले निओकेटिना भुंगे भारतात १९८०च्या दशकात सोडले गेले. ते फक्त जलपर्णीच खातात, मात्र त्यांना काही वर्षं द्यावी लागतात.

मूळची ॲमेझॉन खोऱ्यातली ही वनस्पती बंगालात शोभेसाठी आली आणि १९३६मध्ये तिच्याविरुद्ध कायदाच करावा लागला. उल्हासमध्ये तिला पोसतं ते काठच्या वस्त्यांचं सांडपाणी, मग ते कर्जत-बदलापूरचं असो की उल्हासनगरच्या खेमानी नाल्याचं. यंत्र पान उचलतं, नाला मात्र वाहताच राहतो.