पॅरिसहून: सोफा खालून बघतात

पॅरिसच्या द्रुओ लिलावघरात विक्रीच्या आदल्या दिवशी कुणालाही फुकट आत शिरून माल बघता येतो. परवा तिथं पंधराव्या लुईच्या काळातला कोरीव सोफा होता. बघायला आलेल्या दोन म्हाताऱ्यांनी नक्षीकडे धड पाहिलंही नाही. गुडघे टेकून सरळ बुडाखाली टॉर्च मारला. आपण खाट उलटी करतो ती ढेकूण शोधायला. हे नाव शोधत होते.

1743च्या नियमांनी (अंमल 1751पासून) पॅरिसच्या सुतारसंघातल्या उस्तादांना मालावर नावाचा ठसा मारणं भाग होतं. तिलियार, देलानवा, उर्तो ही त्यातली बडी नावं. ठसा सापडला की भाव चढतो.

गावाकडून, भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडीहून, फोनवर सगळे गृहीत धरतात की एवढा राजेशाही सोफा म्हणजे लाकूडही तसंच भारी. छे! सांगाडे बरेचदा बीचचे, कीड लागणाऱ्या साध्या लाकडाचे. सगळी करामत हाताची. नागमोडी पाय, शिंपले, पानंफुलं कोरायची. त्यावर सरस-खडूचे थर द्यायचे. थरांखाली बुजलेली नक्षी पुन्हा कोरून उघडी करायची. मग सोन्याचा वर्ख. आपल्याकडे आंदणात येणाऱ्या 'महाराजा सोफ्या'ची नक्षी साच्यातली, सोनं स्प्रेचं, आणि वरचं प्लास्टिक नातवंडं झाली तरी निघत नाही. त्या प्लास्टिकवर माझा फार राग आहे. मे महिन्यात आमच्याकडे त्यावर बसून पाहावं! इथल्या श्रीमंतांच्या सोफ्यांना त्या काळी हिवाळ्यात मखमल, उन्हाळ्यात रेशीम. त्यासाठी गादीच्या चौकटीच निघत्या केलेल्या असत. आंधळगावचं कोसा रेशीम हाकेच्या अंतरावर, आणि आपण बसतो रेक्झिनवर.

पण त्या नावाच्या ठशातही गोम आहे. तो सांगाडा जोडणाऱ्याचा. शिंपला कोरणारा वेगळा, त्याचा संघही वेगळा, आणि त्याचं नाव सोफ्यावर बहुधा नाहीच. उर्तो मूळचा कोरणाराच, म्हणून तो अपवाद.

हे कळल्यापासून मला गावाकडचे, पोरांच्या तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी आठवतात. वशिंड, शिंगं, गळ्यातल्या घुंगरमाळा, सगळं आमच्या गल्लीतला सुतारदादा लाकडातून काढतो. पोळा सरला की वर्षभर प्लायवूड आणि सनमायका. इथं पॅरिसात एकोल बूल ही सरकारी शाळा 1886पासून फर्निचरची कारागिरी शिकवते. आपल्याकडे पोरगा रंधा धरतो म्हटलं की घरात सुतक!

दादाला फोन करून म्हटलं, नंदीच्या पोटाखाली नाव कोरत जा, शंभर वर्षांनी भाव येईल.

"नाव कायले लिवाचा बापू? मोडला का आनतेत मायाच घरी." मग जरा थांबून, "अना तो बीच काय फूट भेटते तिकडे?"