पणजोबा जनगणनेत का सापडत नाहीत?

१७ फेब्रुवारी १८८१ च्या रात्री हिंदुस्थानात पहिल्यांदाच सगळीकडे एका वेळी शिरगणती झाली. त्याआधीची १८७२ ची गणती तुकड्यातुकड्यांनी उरकलेली होती. या वेळी मात्र गावोगाव प्रगणक हिंडले, घरे मोजली आणि माणसे लिहून काढली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एखाद्या वाडीवर कुणाच्या तरी खापरपणजोबांचे नाव, वय, जात, धंदा असे सगळे त्या पत्रकात उतरले. ते पत्रक आज कुठे आहे? कुठेही नाही.

घराण्याचा इतिहास शोधायला निघालेल्या बहुतेकांचा पहिला मुक्काम इथेच मोडतो. ब्रिटनमध्ये राहणारा एखादा भाचा सांगतो की तिकडे १९२१ च्या जनगणनेची घरोघरची पत्रके शंभर वर्षे पूर्ण होताच २०२२ मध्ये खुली झाली. अमेरिकेत ७२ वर्षांचा नियम आहे आणि १९५० ची पत्रकेही तिथे आता कुणालाही पाहता येतात. मग आपल्याकडेही सरकारदरबारी कपाटे भरलेली असणार, फक्त ओळख लावायला हवी, असा समज होतो. प्रत्यक्षात आपल्याकडे आकडे तक्त्यांत चढले, अहवाल छापले गेले, की मूळ पत्रकांचे काम संपले असे मानून ती नष्ट केली जात. उरले ते अहवाल. त्यांत तालुका आहे, जात आहे, धंदा आहे, माणूस नाही. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या जनगणना कायद्याने दार आणखी घट्ट लावले. त्याच्या कलम १५ प्रमाणे प्रगणकाने भरलेल्या नोंदी कुणाला पाहता येत नाहीत आणि त्या पुरावा म्हणूनही चालत नाहीत. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून पणजोबा मिळवू पाहणाऱ्यांनी हे कलम आधी वाचावे, म्हणजे हेलपाटे वाचतील.

अपवाद एक आहे आणि तो दूरचा आहे. १९५१ च्या जनगणनेवरून नावानिशी एक नागरिक नोंदवही उतरवून घेतली होती. आसामात ती जपली गेली, आणि तिथल्या अलीकडच्या नागरिक नोंदणीत लोकांनी आजोबांची नावे त्याच वहीतून काढली.

गंमत अशी की त्याहून जुनी मोजणी शिल्लक आहे. पेशवाईतही खानेसुमारी होत असे. पुण्याच्या पेठांतली आणि काही गावांतली घरे कर्त्या माणसाच्या नावासकट लिहिलेले ते मोडी कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या पेशवे दप्तरात, रुमालांत बांधलेले आहेत. म्हणजे अठराव्या शतकातला एखादा पेठकरी नावानिशी सापडू शकतो आणि १९११ सालचा त्याचा वंशज सापडत नाही.

‘मग जनगणनेचा उपयोगच काय?’

हा दुसरा गैरसमज, आणि पहिल्याइतकाच महागात पडणारा. जनगणना नाव देत नाही, पण घरात चालत आलेली कहाणी खरी वाटते की नाही हे ताडून पाहायला तिच्यासारखे साधन नाही.

कोकणातल्या घराघरांत सांगितले जाते की पणजोबा मुंबईला गिरणीत होते आणि पणजी जन्मभर गावीच राहिली. ऐकणाऱ्या नातवंडांना यात काहीतरी बिनसलेले वाटते, भांडण होते की काय अशी शंका येते. १९२१ चा मुंबईचा अहवाल उघडला की शंका फिटते. शहरात तेव्हा दर दोन पुरुषांमागे जेमतेम एक स्त्री होती. पाचांतले चार रहिवासी बाहेर जन्मलेले होते आणि त्यांत रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा मोठा होता. दहा बाय दहाच्या खोलीत गावकीचे डझनभर गडी, जेवण खानावळीत आणि मनीऑर्डर गावाला, अशी सगळ्या जिल्ह्याचीच तऱ्हा होती. पणजी गावी राहिली, कारण शेत, म्हातारी माणसे आणि खंड तिलाच सांभाळायचा होता.

दुसरे उदाहरण मृत्यूचे. ‘एका आठवड्यात घरातली तीन माणसे प्लेगाने गेली’ असे पुष्कळ घरांत सांगतात. मुंबईत प्लेग १८९६ मध्ये आला आणि पुढे वर्षानुवर्षे गावोगाव फिरत राहिला, त्यामुळे सांगणे खोटे असेलच असे नाही. पण साल १९१८ आणि महिना दिवाळीच्या आगेमागेचा निघाला, तर ती बहुधा मानमोडी असते, म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ. गावच्या मृत्यूनोंदीत कारणाच्या रकान्यात नुसते ‘ताप’ लिहिलेले सापडते, कारण रकान्यांतली ठरलेली कारणे ताप, पटकी, देवी, प्लेग अशी मोजकीच असत. या साथीने किती माणसे नेली ते जनगणनेतच दिसते. आजच्या भारताच्या हद्दीतली लोकसंख्या १९११ मध्ये २५ कोटी २१ लाख होती, ती १९२१ मध्ये २५ कोटी १३ लाख भरली. लोकसंख्या घटलेले हे एकच दशक.

वयाच्या बाबतीत मात्र कुठल्याही जुन्या कागदावर विसंबू नये. जनगणनेच्या तक्त्यांत ३०, ३५, ४०, ४५ वर्षांची माणसे भरमसाट आणि ३१, ३७, ४३ वर्षांची तुरळक दिसतात. लोक अंदाजाने शून्य-पाचावर थांबत. शाळेच्या दाखल-खारिज रजिस्टरात हाच प्रकार वेगळ्या रूपात भेटतो. शाळा जूनमध्ये उघडे, मास्तर पोराच्या उंचीकडे बघत आणि जन्मतारीख १ जून टाकत. महाराष्ट्रात आजही १ जूनला वाढदिवस असणाऱ्या आजोबांची गर्दी आहे ती त्यामुळेच.

‘आडनाव धरून मागे जायचे’

आडनाव ही घराण्याची सर्वांत पक्की खूण, असे वाटते. खरे तर ती सर्वांत कच्ची. साताऱ्याच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका मुलाचे नाव दाखल झाले: भिवा रामजी आंबेडकर. रजिस्टरातला अनुक्रमांक १९१४. घराण्याचे आडनाव सकपाळ, मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. केवळ आडनावावर विसंबून कुणी या घराण्याचा माग काढू लागला, तर एक पिढी ओलांडताच तो चुकला असता. हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो, म्हणून ही नोंद सगळ्यांना ठाऊक आहे. अशा हजारो नोंदी जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या ट्रंकांत धूळ खात पडल्या आहेत.

जुन्या कागदांत आडनाव बरेचदा नसतेच. तिथे माणूस बापाच्या नावाने ओळखला जातो: ‘राणू बिन येसू’. बाई नवऱ्याच्या नावाने: ‘सगुणा कोम राणू’. सोबत गाव, जात आणि वतन असेल तर वतन. त्यामुळे शोध गाव धरून करावा लागतो.

स्त्रियांचा माग काढणे आणखी अवघड. लग्नात नाव बदलत असल्याने माहेरच्या कागदांत एक बाई आणि सासरच्या कागदांत दुसरी. देवराष्ट्रे गावात ‘रमा’ शोधणाऱ्याला रमाबाई रानडे सापडणार नाहीत, कारण तिथे त्या यमुना कुर्लेकर होत्या. अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशीही माहेरच्या यमुनाच. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत देशभरातल्या सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे मतदारयादीतून वगळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची आई, तमक्याची बायको असे लिहवले होते. ही संख्या बहुतांशी उत्तरेकडच्या राज्यांची, पण अडचण आपल्याकडे नवी नव्हती. जुन्या कुलवृत्तांतांतही मुलींच्या फांद्या बहुधा ‘कन्या दोन’ एवढ्यावर छाटलेल्या असतात.

पणजीचे नाव हवे असेल तर एक कागद हमखास उपयोगी पडतो: तलाठ्याकडचा गाव नमुना ६-क, म्हणजे वारसा प्रकरणांची नोंदवही. खातेदार वारला की त्यात मयताचे नाव, मृत्यूची तारीख आणि वारसांची नावे नात्यासकट चढतात. त्यावरून झालेला फेरफार सातबाऱ्यावर येतो. लोक सातबारा घेतात, त्यावरची शेवटची नावे वाचतात आणि फाइल बंद करतात. सातबाऱ्यावर कंसात किंवा वर्तुळात असलेले फेरफार क्रमांक उलट्या क्रमाने काढत गेले, तर तीन-चार पिढ्या आपोआप उलगडतात. विधवेचे नाव, लग्न झालेल्या लेकीचे सासरचे नाव, अज्ञान मुलाचा पालक, हे सगळे तिथे असते, कारण जमिनीचा प्रश्न आला की कुणी नाव लपवत नाही. गाव नमुना १४ म्हणजे जन्ममृत्यूची नोंदवही. तिला कोतवाल बुकही म्हणतात. जात पडताळणीसाठी हीच वही शोधली जाते. इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा आणि विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणून तहसिलातल्या अभिलेख कक्षात दिसणारे निम्मे वंशशोधक हे प्रत्यक्षात दाखला शोधणारे असतात. त्याच कागदांत त्यांना घराणे सापडते, हा वरचा फायदा.

एक सावधगिरी. जिल्हा आज महाराष्ट्रात आहे म्हणून त्याचे कागदही मुंबई-पुण्यात असतील असे नाही. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, तिथले दप्तर उर्दूत आणि बरेचसे हैदराबादेत. विदर्भ मध्य प्रांत-वऱ्हाडात. सावंतवाडी, कोल्हापूर, सांगली ही संस्थाने. सालेही तशीच वेगवेगळी. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची. तोच दिवस शके १६८२, फसली ११७० आणि सुहूर ११६१ मध्ये पडतो. कागदावर ‘इहिदे सितैन मया व अलफ’ दिसले की पुष्कळजण मंत्र समजून पुढे जातात, पण तो आकडाच आहे: एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे ११६१.

‘आमचे पूर्वज पानिपतावर होते’

असतीलही. पण १९६० साली जन्मलेला माणूस ‘माझे खापरपणजोबा पानिपतावरून परतले’ म्हणू लागला, तर पिढीला तीस वर्षे धरून हिशेब करावा. वडील १९३० चे, आजोबा १९०० चे, पणजोबा १८७०, खापरपणजोबा १८४०. पानिपत तिथूनही ऐंशी वर्षे मागे राहते. तोंडी इतिहासात मधल्या पिढ्या गळतात आणि पराक्रमी माणूस पुढे सरकतो. म्हणून गोष्ट टाकून देऊ नये. तिच्यातले गावाचे नाव, सरदाराचे नाव, इनामाचा उल्लेख एवढे वेगळे काढावे. इनाम असेल तर त्याची चौकशी एकोणिसाव्या शतकातल्या इनाम कमिशनसमोर झाली असण्याची शक्यता असते आणि तिथे इनामदाराला आपली वंशावळ मांडावी लागे.

कुलदैवतावरून मूळ गाव ठरवण्याची पद्धतही तपासून वापरावी. तुळजापूर आणि जेजुरी लाखो कुटुंबांची आहेत, त्यांवरून काहीच ठरत नाही. गोव्यात तर देवच स्थलांतरित. मंगेशी आज प्रियोळला आहे, पण मूळचा कुशस्थळीचा. कवळ्याची शांतादुर्गा केळोशीची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या हद्दीतून मूर्ती हलवल्या गेल्या. त्यामुळे ‘आम्ही कवळ्याचे’ म्हणणाऱ्या घराण्याची जुनी शेतीवाडी साष्टीच्या बाजूला निघू शकते.

‘वंशावळ्या फक्त उच्चवर्णीयांच्याच’

हे अजिबात खरे नाही. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, गया, काशी इथल्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत मराठा, माळी, सोनार, वाणी, ब्राह्मण असे सगळे यजमान आहेत. उपाध्याय गाव, जात आणि आडनाव विचारतो, लांबट वही सोडतो आणि कुणाच्या तरी श्राद्धाला आलेल्या आजोबांची सही समोर ठेवतो. मात्र ही वही तीर्थाला आलेल्यांची आहे. जो आला नाही, तो भावाने लिहवला तरच सापडणार.

कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी आहेत. सुगीनंतर बैलावर बसून ते ठरलेल्या गावांत येतात, ठरलेल्या घरांपुढे वंशावळ म्हणतात आणि धान्य घेतात. त्यांची घरे पिढ्यान्‌पिढ्या वाटून दिलेली असतात आणि त्यांत शेतकरी घराणीच जास्त. ज्यांच्या घरात एकही कागद नाही, त्यांचे सात पुरुष हेळव्याच्या तोंडी असू शकतात.

फौजेत गेलेल्यांचीही नोंद आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. गावाला अपशिंगे मिलिटरी म्हणतात ते उगाच नव्हे. राष्ट्रकुल युद्धस्मृती आयोगाच्या याद्यांत अशा सैनिकांचे नाव, पलटण आणि पुष्कळदा वडिलांचे नाव व गावही मिळते. इंग्रज कारकुनाने ऐकले तसे लिहिल्यामुळे ‘गणू’चे रोमन स्पेलिंग चार तऱ्हांनी करून पाहावे लागते. मॉरिशसला गेलेल्या मराठी गिरमिटियांच्या बाबतीतही तेच. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत त्यांची नोंदणीपुस्तके आहेत, १८६० नंतरच्या काहींची छायाचित्रेसुद्धा आहेत, पण गावाचे नाव ओळखायला कोकणचा माणूसच शेजारी बसावा लागतो.

आता पुढची जनगणना येऊ घातली आहे. तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ अशी जाहीर झाली आहे, ती डिजिटल असेल आणि सर्व जातींची नोंदही घेईल. कलम १५ मात्र जागच्या जागी आहे. पणतवंडांना त्या रात्री घरात कोण कोण होते हे कळायला हवे असेल, तर प्रगणकाला दिलेली उत्तरे एका वहीत उतरवून घ्यावी लागतील, आणि त्यात घरातल्या बायकांचे माहेरचे नाव-गाव आपल्या हाताने वाढवावे लागेल.